कुसुमच्या लग्नाची वाकळ

टाकळी हे मानवतपासून बैलगाडीनं तासाभराच्या वाटेवरचं गाव. तिथल्या सुलाबाईनं शिवलेली वाकळ अंधारात हात फिरवूनही ओळखू येते, असं आसपासच्या बायका म्हणायच्या. टाका बारीक, आखूड, आणि तिफणीनं ओढलेल्या तासासारखा सरळ. सुलाबाई काही शिंप्याच्या घरची नव्हती. नवरा मुंजाजी कोरडवाहू जमीन कसायचा. त्याच्यासंगं ती निंदायला जायची, कापूस वेचायची, आणि रानातली कामं सरली की उन्हाळाभर दुपारच्याला ओसरीवर वाकळ पसरून बसायची.

कुणी बाई जुन्या कापडांचं गाठोडं घेऊन आली, की सुलाबाई आधी एकेक कापड उलगडायची आणि विचारायची, "हे कुणाचं?" सासऱ्याचं धोतर असलं तर ते उशाकडं लावायचं, पायाकडं कधीच नाही. बाळंतपणात नेसलेलं लुगडं असलं तर मधोमध, जिथं लेकरू निजणार तिथं. गेलेल्या माणसाचं कापड असलं तर ते मांडीवर घेऊन ती जरा वेळ गप्प बसायची आणि मग कात्री लावायची. आपण काही विशेष करतोय असं तिला वाटायचं नाही. तिची आई असंच करायची, म्हणून ती करायची.

पुढं तिचा पुतण्या बन्सीधर परभणीला एका कापडाच्या दुकानात कामाला लागला. एका दिवाळीला तो गावी आला तो सुतळीनं आवळलेला एक गठ्ठा घेऊनच. गिरण्यांकडून दुकानात कापडाचे नमुने यायचे. हातरुमालाएवढे तुकडे, सगळे एका मापाचे, करवतीच्या दातांसारख्या कडा कातरलेले, त्यामुळं दोरा सुटायचं नाव नाही. हंगाम सरला की दुकानदार असे गठ्ठे वजनावर विकून टाकायचा.

"काकू, बगा बरं, काई कामाला येतेत का."

सुलाबाईनं सुतळी सोडली आणि तिचे डोळेच दिपले. डाळिंबी, अंजिरी, मोरपंखी, बारीक फुलांचे, चौकड्यांचे. एकालाही घामाचा डाग नव्हता की ठिगळ नव्हतं.

"अगं माय!" ती म्हणाली. "हे तर कुणी माझ्यासाठीच कापून ठेवलंय की रे!"

त्या सालापासून तिची वाकळ पालटली. धुवायचं नको, निवडायचं नको, माप घेऊन कापायचं नको. तुकड्याला तुकडा जोडत गेलं की झालं. पाहता पाहता गठ्ठ्याच्या वाकळीचा बोलबाला झाला. मानवतच्या मास्तरणी, परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या साहेबांच्या बायका लेकींच्या रुखवतासाठी सांगून ठेवू लागल्या. गावातल्या बायका अजून जुनी कापडं आणायच्या, पण सुलाबाई ती पोटात घालायची आणि वर नवे तुकडे लावायची. बायका खूश व्हायच्या. पोटातही घालवत नाहीत अशा चिंध्या ती एका पोत्यात कोंबायची. पोतं भरलं की बन्सीधर जाता जाता मानवतच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यावर टाकायचा. तिथं यंत्रांचं तेल पुसायला चिंध्या लागतच.

हे कुणाचं, ते कुणाचं, हे विचारायचं हळूहळू राहूनच गेलं. सगळं पोटातच जाणार, तर विचारून करायचं काय?

ब्याण्णव सालच्या उन्हाळ्यात, कापूस होऊन रानं मोकळी झाली होती तेव्हा, भर दुपारी एक बाई अंगणात येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, काखेत गाठोडं, पायात झिजलेल्या चपला.

"वळखलं का, सुलाबाई?"

आवाज ऐकला आणि सुलाबाईच्या हातातली सुई थांबली. "सरजा?"

सरजाबाई टाकळीचीच. ओढ्याच्या अल्याड सुलाबाईचं शेवटचं घर, पल्याड बौद्धवाडा. दोघी एकाच वयाच्या, एकाच पाटलाच्या रानात निंदायला जायच्या. सरजा पुढच्या तासात असली की तिच्या गाण्यामागं सगळ्या बायकांचे हात चालायचे. मग अठ्ठ्याहत्तर साल आलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचं ठरलं, तशी रेडिओवर बातमी आली, आणि मराठवाडाभर गावागावांत माणसं माणसांवर उठली. टाकळीतही उठली. एका संध्याकाळी बौद्धवाड्यातली घरं पेटली. सरजाचा नवरा भगवान दावणीचा बैल सोडायला आत शिरला आणि वरचं आढं त्याच्या अंगावर आलं. परभणीच्या दवाखान्यात तो तळमळून गेला. सरजा चार वर्षांच्या कुसुमला घेऊन तिकडंच राहिली, रेल्वेपल्याडच्या एका वस्तीत. कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजानं जाऊन तिनं लेक वाढवली. टाकळीत तिनं त्यानंतर पाऊल ठेवलं नव्हतं.

"बस की. उन्हाचं आलीस," सुलाबाई म्हणाली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

सरजाबाई ओसरीच्या कडेला टेकली. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाली, "कुसुमचं लगीन धरलंय. वैशाखी पुनवेच्या मागून. पोरगा नांदेडचा हाय, मास्तर हाय."

"लय ब्येस झालं बाई."

"तिच्यासाठी वाकळ पायजे. परभणीत शिवणाऱ्या लय हायती. पर तुमचा हात मला म्हाइत हाय." तिनं गाठोडं पुढं सरकवलं. "कापडं ह्यात हायती. तीच लावा. जशी हायती तशी लावा, सुलाबाई. वरून."

ती गेल्यावर सुलाबाईनं गाठ सोडली. आत एक पांढरा सदरा होता. भगवान सणासुदीला, चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला घालायचा तो. सरजाचं लग्नातलं हिरवं लुगडं होतं. कुसुमचं तान्हेपणीचं झबलं होतं. जळत्या घरातून ओढून काढलेल्या पत्र्याच्या पेटीतली कापडं ती. पेटी बाहेर आली होती, पण पत्रा तापून आतली कापडं घडीघडीवर भाजली होती. सदरा उलगडला तर पाठीवर तपकिरी पट्टे उमटलेले, तव्याला चिकटलेल्या भाकरीसारखे. इतक्या वर्षांनीही त्याला धुराचा वास होता.

सुलाबाईनं तो झटकन खाली ठेवला.

तिनं सगळं गाठोडं पुन्हा बांधलं आणि कणगीमागं सारून दिलं. दोन दिवस त्याच्याकडं पाहिलंही नाही. मग मनाशी म्हणाली, लेकीच्या लग्नात जळकं कुणी देतं का? बिचारीकडं दुसरं काही नाही, म्हणून म्हणाली तीच लावा. आपणच हिला नवी कोरी करून दिली तर? एक पैसा घ्यायचा नाही. आपल्याकडून तेवढंच.

हा विचार आल्यावर तिला इतकं हलकं वाटलं, की तो बरा की वाईट हे तपासायचं ती विसरली.

तिनं बन्सीधरकडून चांगल्यातला चांगला गठ्ठा मागवला. पोपटी, केशरी आणि शेंदरी तुकडे निवडून मधे मोठं फूल काढलं, चारी बाजूंनी निळी किनार लावली. अशी वाकळ तिनं स्वतःच्या लेकीलाही दिली नव्हती. डोळे चुरचुरायचे तरी उठायची नाही. ज्या दिवशी वाकळ पुरी झाली त्या दिवशी पोतंही भरलं होतं, आणि बन्सीधर दारात उभा होता.

"काकू, कणगीमागं ते गाठोडं हाय ते बी टाकू का पोत्यात?"

सुलाबाईनं कणगीकडं पाहिलं. ठेवून तरी काय करायचं? सरजाला परत दिलं तर म्हणेल, लावलं का न्हाई. घरात ठेवलं तर धुराचा वास.

"टाक," ती म्हणाली.

चार दिवसांनी सरजाबाई आली. सुलाबाईनं वाकळ अंगणातल्या बाजेवर पसरली. शेजारची धुरपताबाईही बघायला आली आणि तोंडाला हात लावून म्हणाली, "माय माय, काय हात हाय!" सरजाबाईच्या तोंडावरही हसू आलं. तिनं फुलावरून हात फिरवला. किनार पाहिली. मग एक कोपरा उचलला, खालची बाजू पाहिली. दुसरा कोपरा उचलला. मग वाकळ सगळी उलटी केली.

"सुलाबाई, ह्यात आमचं कुठं हाय?"

"नवीनच केली बाई. पोरीला जळकं कामून द्यायचं? लोक नावं ठेवतेत. शुभ काम हाय..."

"बरं," सरजाबाई हळू म्हणाली. "चांगली केली. मंग ती कापडं द्या माघारी."

सुलाबाई उलटी पडलेली वाकळ सरळ करू लागली.

"द्या ना. म्या लावते तिकडंच, कशी बी."

"सरजा, ती... ती मानवतला गेली. जिनिंगला. चिंध्यांत."

सरजाबाईला आधी कळलंच नाही. तिनं धुरपताबाईकडं पाहिलं, मग पुन्हा सुलाबाईकडं.

"जिनिंगला? तिथं काय करतेत त्याचं?"

धुरपताबाईच म्हणाली, "तेल पुसतेत, माय."

सरजाबाई बाजेच्या कडेला बसली. रडली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली, सोडत राहिली. "पोरीला बापाचं तोंड आठवत न्हाई," ती म्हणाली. "फोटू न्हाई, काई न्हाई. म्या म्हणलं व्हतं, तुझ्या बापाचा सदरा पांघरून जाय सासरी." मग उठली, चपला घातल्या आणि फाट्याकडं चालू लागली. वाकळ बाजेवर तशीच पडून राहिली.

सुलाबाईनं ती घडी करून आत नेली आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मानवत गाठलं. जिनिंगच्या फाटकातल्या माणसाला तिनं काय सांगितलं ते तिलाही नंतर आठवेना. पण तिचं तोंड पाहून त्यानं आत सोडलं. यंत्रांच्या मागं चिंध्यांचा ढीग होता, निम्मा तेलानं काळा झालेला. मुकादम म्हणाला, "बाई, यात तुमचं काय गेलं? सोनं?" ती उकिडवी बसली आणि एकेक चिंधी उलगडू लागली. कापसाचे तंतू उडून तिच्या केसांत, पापण्यांवर बसत होते. आपल्याच हातानं गेल्या कित्येक सालांत टाकलेली कापडं तिथं असावीत असं तिला वाटू लागलं. कुणाचं धोतर, कुणाचं टोपडं. कुणाचं काय, ते तिनं विचारलंच नव्हतं.

सदरा सापडला नाही. झबलंही नाही. उन्हं उतरताना हिरव्या लुगड्याचा हातभर तुकडा हाती लागला, काठासकट, तेलात भिजलेला. घरी येऊन तिनं तो सोड्यानं उकळला, रिठ्यानं घासला, तीन वेळा धुतला. काळं गेलं नाही. काठ मात्र जरासा उघडा पडला.

तो तुकडा आणि ती वाकळ घेऊन ती परभणीला गेली. रिक्षावाल्याला वस्ती सापडली, तिला घर सापडायला वेळ लागला. दार एका पोरीनं उघडलं. उंच, सावळी, भगवानसारखं कपाळ. सुलाबाईला तिच्याकडं बघवेना.

"जय भीम, मावशी. आई यायलीच शेतावरून. बसा ना."

"तू कुसुम?"

"हो."

सुलाबाईनं तो तुकडा तिच्या हातात दिला. एवढंच राहिलं, म्हणाली. कुसुमला सगळं ठाऊक होतं. तिनं तुकडा उजेडाला धरला, काठावरून बोट फिरवलं आणि भिंतीतल्या कोनाड्यात, बाबासाहेबांच्या फोटोखाली घडी करून ठेवला.

सरजाबाई आली, हातपाय धुतले, चूल पेटवली आणि चहा ठेवला. एक कप सुलाबाईपुढं ठेवून ती समोर बसली. दोघींच्या उभ्या आयुष्यात सुलाबाई तिच्या घरी पहिल्यांदाच काही पीत होती.

"सरजा, माझं चुकलं."

"चुकलं खरं," सरजाबाई म्हणाली. "तुमच्या मनात वाईट न्हवतं, ते बी मला कळतंय. चहा घ्या. निवायलाय."

सुलाबाईला वाटलं, आता उठावं. पण इतक्या वर्षांचं जे होतं ते त्या एका कबुलीसंगं वर आलं. "त्या सांजंला आमी दार लावून बसलो व्हतो. आमचे हे कुणाला हात लावायला गेले न्हाईत, तुझी आण. पर आमी बाहीर बी आलो न्हाईत. कुणीतरी दार वाजवलं व्हतं. आमी उघडलं न्हाई. वाटलं, जाळणारेच आले."

सरजाबाईनं चुलीत एक काडी सारली.

"म्या वाजवलं व्हतं."

सुलाबाईनं कप खाली ठेवला.

"कुसुम कडेवर व्हती," सरजाबाई पुढं म्हणाली. तिचा आवाज साधा होता, जणू बाजारातलं काही सांगतेय. "ते बैल सोडायला आत गेले व्हते. मला वाटलं, पोरगी तुमच्यापाशी टाकावी आन म्या माघारी जावं. दोघं मिळून बैल बी काढला असता. म्या हाका मारल्या तुमाला, नावानं. मंग ओढ्यापल्याड एक बाभळ हाय ना, तिच्याखाली हिला घेऊन उभी राह्यले. पोरीला एकटं टाकून जाता येईना."

कुसुम दाराशी उभी होती. तिनं मान वळवून बाहेर पाहिलं.

जाताना सुलाबाईनं वाकळ पुढं केली. सरजाबाईनं दोन्ही हात जोडले. "न्हाई. तेवढं मातर घेऊन जावा. घरात ठिवली तर रोज दिसंल."

टाकळीला उतरेपर्यंत दिवस मावळला होता. मुंजाजी ओसरीवर तंबाखू मळत बसला होता. सुलाबाईनं त्याच्यापुढं सगळं सांगितलं, हाका मारल्याचंही.

"तुमाला आवाज वळखू आला व्हता का?" तिनं विचारलं.

"आला व्हता."

"मंग?"

"मंग काय! भ्यालो व्हतो, सुला. तिला घेतलं असतं तर आपलं बी जाळलं असतं. तुला न्हाई आला का वळखू?"

सुलाबाई उत्तर देणार होती, न्हाई म्हणून. पण तिला ते म्हणता आलं नाही. ज्या बाईच्या गाण्यामागं तिनं उन्हाळे-पावसाळे हात चालवला होता, तिचा आवाज तिला ओळखू आला नाही, असं कसं होईल? इतकी वर्षं तिनं स्वतःला सांगितलं होतं, आवाज नव्हताच, नुसती थाप होती. ती आत गेली आणि चुलीपुढं बसली. त्या दिवशी त्यांच्या घरी भाकरी झाली नाही.

पुढं तिनं शिवणं सोडलं नाही. पोटासाठी सोडता येत नव्हतं. पण गावातली बाई जुनी कापडं घेऊन आली की सुलाबाई हटून बसायची, हे वरूनच लावणार. बायकांना ते रुचेना. "आमाला गठ्ठ्याची करून द्या, तसली नको," म्हणायच्या. चांगुणाबाईनं तर मेलेल्या सासूचं लुगडं तिच्या हातातून परत ओढून घेतलं. म्हणाली, "असलं म्हातारीचं वाकळीवर कशाला?" हळूहळू येणाऱ्या कमी झाल्या. बाजारात घोंगड्या-चादरी स्वस्त मिळू लागल्या, आणि तिच्या डोळ्यांतही मोतीबिंदू उतरू लागला.

कुसुमसाठी शिवलेली ती नवी वाकळ तिनं कुणाला विकली नाही. एका हिवाळ्यात मुंजाजीला ताप भरला तेव्हा सुनेनं ती नकळत काढून त्याच्या अंगावर घातली. सुलाबाईनं पाहिलं, पण काढायला लावली नाही. मग ती घरातलीच होऊन गेली, नातवंडांनी तिच्यावर दूध सांडलं, उंदरांनी एक कोपरा खाल्ला.

चौऱ्याण्णवच्या संक्रांतीला विद्यापीठाच्या नामविस्ताराची बातमी आली. गावात पोलिसांची गाडी येऊन गेली. टाकळीत काही झालं नाही. माणसं पारावर बसून तिळगूळ खात बोलत होती. दोन दिवसांनी सुलाबाई कुणाला न सांगता परभणीच्या एसटीत बसली. सरजाला काय सांगायचं, हे तिनं ठरवलं नव्हतं. नुसतं तिच्या दारात जाऊन बसावं, असं तिला वाटलं होतं. तिळगुळाची पुडी कनवटीला होती.

वस्तीत ठिकठिकाणी निळ्या पताका लावलेल्या होत्या. कुठंतरी लाऊडस्पीकर चालू होता. सरजाच्या घराला नवा पत्रा होता, आणि दारात एक अनोळखी बाई तांदूळ निवडत बसलेली.

"सरजाबाई? त्या कवाच गेल्या, पोरीकडं. नांदेडला. पोरीला लेकरू झालंय."

"नांदेडला कुठं?"

"ते काई मालूम न्हाई, मावशी. तुमी कोण? काई निरोप हाय का? कुणी आलं तिकडून तर सांगते."

त्या बाईनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला आणि वर पाहिलं.

"टाकळीची हाय," सुलाबाई शेवटी म्हणाली. "सुला म्हणा."

मग पुडीतला तिळगूळ तिनं त्या बाईच्या हातावर ठेवला आणि रेल्वेचे रूळ ओलांडून स्टँडची वाट धरली.